चार नंबरच्या कॉम्प्युटरचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायचा आम्हा निवृत्त पोलिसांचा रिवाज आहे. मला मात्र ती आठवावी लागत नाही. कुणाचा कॉम्प्युटर बिघडल्याचा विषय निघाला की बायको पाहुण्यांसमोर सुरू होते, "आमच्या ह्यांनी एकदा टीव्ही पकडून आणला होता. दोरीनं बांधून, लाखेचं सील मारून!" सगळे हसतात. मीही हसतो. पुढचा भाग ती सांगत नाही, कारण तो मी तिलाच फार उशिरा सांगितला.

तेव्हा मी सुरतेत, लूम कारखान्यांच्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. मोबाइल मोजक्यांकडे होते आणि दर दोन गल्ल्यांआड सायबर कॅफे निघाला होता. आमचं घराणं शिरपूरकडचं, घरात अहिराणी. त्यामुळे मराठी माणूस ठाण्याची पायरी चढला की हवालदार त्याला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवायचा.

तसेच एका सकाळी एक नवरा-बायको आले. नवरा कडोदऱ्याला लूमवर होता. पाळी सोडून आलेला, केसांत अजून सुताचा भुसा. एकोणीस वर्षांची मुलगी काल सकाळी कॉलेजला म्हणून निघाली, ती परतलीच नव्हती. बायको बाहेरच्या बाकावर बसली, पदराचं टोक तोंडात धरून. मी नवऱ्याला आत घेतलं.

"भाऊसाहेब, पोरगी तशी नाही हो आपली," तो सारखा म्हणत होता. 'तशी' म्हणजे कशी, हे मी विचारलं नाही. पोलिसाला ते आधीच माहीत असतं, असा माझा समज होता. गुजरातेत हरवलेल्या माणसाच्या नोंदीला 'जाणवाजोग' म्हणतात, ती केली आणि कामाला लागलो.

पहिली खबर पानवाल्याकडून आली. त्याच्या टपरीमागच्या इमारतीत पहिल्या माळ्यावर सायबर कॅफे होता. "रोज चारला येते साहेब. चार नंबरवर बसते. चॅटिंग करते," तो म्हणाला. चॅटिंग हा शब्द त्यानं असा उच्चारला, की मला मटक्याचा अड्डाच सापडल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासात मी माळ्यावर. प्लायवूडचे सहा खोपे, प्रत्येकाला कापडी आडोसा, आत एकेक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो, पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. पुरावा जप्त करायचा, एवढं ठाऊक होतं. पंच म्हणून पानवालाच उभा राहिला, जोडीला त्याचं एक गिऱ्हाईक. चार नंबरवरचा टीव्हीसारखा काचेचा अवजड पडदा हवालदारानं उचलला, कापडात गुंडाळला, सुतळी आवळली. मी लाख ओतली, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खालचा डबा टेबलाखाली तसाच राहिला. मला तो पंख्याचा स्टॅबिलायझर वाटला. कॅफेवाला गुजराती भाई हात जोडून बघत होता.

ठाण्यात आणून पडदा लावला, तर काळा ठिक्कर. मी हवालदारावर डाफरलो, "पुरावा नष्ट केलाय त्यानं!"

आता साक्षीदार म्हणून राहिला पाच नंबरवर बसणारा तरुण. एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करणारा, यवतमाळकडचा. त्याला समोर उभं केलं.

"काय बोलायचास तिच्याशी?"

"तिच्याशी कायले बोलीन साहेब? मी सिंगापूरच्या पोरीशी बोलतो."

"ती पोरगी आहे कशावरून?"

तो गोंधळला. "तिनंच सांगतलं नं."

इंटरनेटवरच्या गप्पांचं माझं सगळं शिक्षण त्या तासाभरात झालं, तेही गुन्हेगार समजून उभ्या केलेल्या पोराकडून. एका प्रोग्राममध्ये म्हणे खुराड्यासारखी # ही खूण लावून गप्पांच्या खोलीचं नाव लिहायचं, की त्या नावाच्या खोलीत आपण शिरलो. दुसऱ्यात प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि ओळखीचा माणूस आला की त्याच्या नावापुढचं फूल हिरवं व्हायचं. तिसऱ्यात पिवळे हसरे चेहरे, आणि समोरच्यानं लक्ष दिलं नाही तर त्याची खिडकी गदागदा हलवायची सोय. खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: वय, बाई की पुरुष, गाव कोणतं. तिन्ही उत्तरं खोटी दिली तरी चालायची. नाव तर कुणी खरं ठेवतच नसे. आमच्या ठाण्यातही पहिले तीन प्रश्न हेच. खोट्याला मात्र इथं दुसरा उपाय होता.

तो मी वापरला. दोन कानाखाली ठेवून दिल्या. "पोरगी कुणाबरोबर गेली, बोल!" तो रडत म्हणाला, "असंन साहेब एखादा. मले नाही माहीत." 'असेल एखादा' एवढंच मी ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

दुपारी दोन वाजता मी बापाला आवारात बोलावलं. पानवाला, हवालदार, पोलीस दाखल्याच्या कामाला आलेली माणसं, सगळी होती. मी घसा खाकरून सांगितलं, "चॅटिंगवरच्या कुणा पोराबरोबर गेलेली दिसते." आणि आत जाऊन स्टेशन डायरीत लिहिलं, 'प्रेमप्रकरणातून निघून गेल्याचे समजते.' कुणाला समजलं होतं? मला. कशावरून? एका काळ्या पडद्यावरून.

चारच्या सुमारास कॅफेवाला भाई पडदा परत मागायला भीत भीत आला. "साहेब, मारो पडदो क्यारे मळशे? अने पेलो डब्बो पण लई जवानो छे?"

"कुठला डबा?"

"साहेब, आखुं मगज तो एमां छे. पडदो तो खाली मोढुं छे." सगळा मेंदू त्या डब्यात, पडदा म्हणजे नुसतं तोंड.

मग सकाळीच का नाही बोललास, म्हणून मी ओरडलो. तो म्हणाला, "मने एम के साहेबने खबर हशे." साहेबांना ठाऊक असेलच, असं त्याला वाटलं होतं.

डबा आला. त्यानंच तारा जोडल्या. खोल्यांच्या त्या प्रोग्राममध्ये बोलणं साठवून ठेवायची सोय होती आणि त्यानं ती कधी बंद केली नव्हती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. हवालदार म्हणाला, "साहेब, कोड आहे." मी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलो आणि माझाच आवाज मला माझ्या आईसारखा वाटू लागला. कोड कसला? अहिराणी होती ती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. खोलीचं नाव होतं खान्देश. मुलीनं नाव घेतलं होतं सिस्टर_सुरत. समोर नवसारीची एक ताई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. महिनाभर दोघींचं एकच बोलणं: नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म, लेखी परीक्षा, दुसऱ्या दिवशीची मुलाखत, मुक्काम ताईकडे.

शेवटच्या ओळी अशा होत्या:

"ताई, माले भ्याव वाटस."

"काबर? घर सांगं का?"

"आईले सांगेल शे. आबाले नही. कागद हातमा उना की सांगसू."

आबांना निवडीचा कागद हाती आल्यावर सांगणार, पण आईला सांगितलं आहे. मी मान वर केली. आई दारापासून पाच पावलांवर, त्याच बाकावर बसली होती. सकाळपासून.

मी बाहेर गेलो. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हां."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीन माले इचारंच नही, साहेब."

ताईचा फोन नंबर त्या ओळींतच होता. फोन लावला. म्हणाली, निवड झाली, मुलगी आत्ताच गाडीत बसली. उधना स्टेशनवर आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. मुलगी उतरली ती आईला बघून हसतच. मग बाप दिसला, मग माझी खाकी, आणि हसू तिथल्या तिथं विरलं. तिनं कागद पुढे केला. बापानं तो न वाचताच घडी घातली, परत घडी घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"आबा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "कुणी पोरगा नव्हता. शिकायला गेली होती. पाठवा तिला."

"तुमले समजनं, भाऊसाहेब," तो शांतपणे म्हणाला. "गल्लीले कोन सांगी?"

मी गल्लीतही गेलो. दोनदा. लोकांनी चहा पाजला, "हो साहेब, बरोबर साहेब" म्हणाले. फौजदार स्वतः सांगायला येतो म्हणजे काहीतरी असणारच, असा त्यांनी अर्थ काढला असावा. माझा पंच असलेला पानवाला तर दोन वाजताची हकीकत पानाबरोबर वाटत होता. महिना संपायच्या आत मुलीचं लग्न साक्रीकडच्या एका गावात लागलं. नर्सिंगच्या शाळेत हजर व्हायची तारीख त्याच आठवड्यातली होती.

यवतमाळच्या पोराची मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब," आणि पुन्हा त्या कॅफेत दिसला नाही.

त्यानंतर हरवल्याची नोंद आली की मी आधी आईला वेगळं बसवायचो, पाणी द्यायचो, विचारायचो. बऱ्याच मुली त्यामुळे लवकर सापडल्या. वरिष्ठांनी एकदा शाबासकीही दिली, चौकशीची पद्धत चांगली आहे म्हणून. मी सलाम ठोकला. ही पद्धत कुणामुळे शिकलो, ते सांगायची हिंमत झाली नाही.

डायरीतला 'प्रेमप्रकरण' हा शब्द मी आडवी रेघ मारून खोडला आणि शेजारी सही केली, नियमाप्रमाणे. रेघेखालून तो आजही वाचता येत असेल.

कॉम्प्युटर परत करायला मी स्वतः गेलो होतो. लग्नानंतरचे दिवस होते. भाईनं पडदा डब्याला जोडला, प्रोग्राम उघडला आणि मला जवळ बोलावलं. माणूस नसताना पाठवलेले निरोप त्याच्या नावावर साठून राहत, तशी सिस्टर_सुरतसाठी नवसारीच्या ताईची रोजची एक ओळ येऊन पडली होती. सिस्टर_सुरत, शे का? सिस्टर_सुरत, कालदिन बी उनी नही?

भाईनं उत्तर लिहायला कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "साहेब, तमे लखो ने कंईक."

मी खुर्चीवर बसलो. चार नंबरच्या, तिच्या. एक बोट वर धरून बराच वेळ अक्षरं शोधत राहिलो. मग म्हणालो, मला टायपिंग येत नाही, आणि उठलो.