सुतक कुणाचं?

काही प्रकरणं कागद बंद झाले की डोक्यातून जातात. हे मात्र निवृत्तीनंतरही गेलेलं नाही. परवा मुकुंदवाडीच्या आमच्या घरी नातीबरोबर मोबाइलवर एक रहस्यपट पाहिला. शेवटी खुनी कोण ते कळलं, त्याला बेड्या पडल्या आणि नात खूश होऊन म्हणाली, "आजोबा, शेवट कसला भारी होता ना!" मी मान डोलावली खरी, पण खुनी सापडला म्हणजे शेवट झाला, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. मनात सारखी एक बाई येत राहिली.

तेव्हा मी फुलंब्री भागात फौजदार होतो. जवळच्याच एका गावातली एक विधवा मुलगा हरवल्याची तक्रार घेऊन आली. मुलगा तिशीच्या आतला, बिनलग्नाचा, रोज मोटारसायकलवर शहरात कामाला जाणारा. आम्ही 'मिसिंग' दाखल करून घेतली. त्याची मोटारसायकल मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनच्या बाहेर सापडली, मोबाइलही त्याच भागात बंद झालेला. गावानं लगेच निकाल लावला : पोरगा रेल्वेत बसून कुठंतरी निघून गेला. तिची एकुलती एक आशाही तीच होती.

ती दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. बरोबर मयताचा चुलतभाऊ असायचा. मयत म्हणतोय मी आता. तेव्हा तसं कुणी म्हणत नव्हतं. हा चुलतभाऊ वयानं धाकटा. आई लहानपणीच गेल्यामुळे त्याला याच बाईनं आपल्या मुलाबरोबर वाढवलेलं. तो तिला 'मोठी माय' म्हणायचा, गाडीवरून हात धरून उतरवायचा. आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, पुतण्या असावा तर असा." मलाही तसंच वाटायचं.

धागा मिळाला तो एका बाईच्या कुरकुरीतून. आम्ही गावात जबाब घेत होतो. भावकीतली एक चुलती भांडी घासता घासता बोलत होती. त्यांच्या खंडोबाच्या देवळात संध्याकाळचा दिवा लावायची घराघरांना पाळी असते.

"तो गेला तवाच आमच्या दारात दिव्याचं तेल आणून ठिवलं बगा या धाकल्यानं. म्हणं, माझी पाळी तुमी घ्या. देवळाची पायरी नाय चढला दहा दिस. आमालाच काय कामं नाईत व्हय?"

हवालदारानं हे लिहूनसुद्धा घेतलं नाही. मी मात्र जागच्या जागी थांबलो. मी याच मातीतला. घरात कुणी गेलं की भावकीला सुतक येतं, दहा दिवस देवाचं काही करता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि सुतक लागतं ते मरणाची बातमी कानावर आल्यावर. त्या गावात तेव्हा कुणाच्याच कानावर कसली बातमी नव्हती. स्वतःची आईसुद्धा मुलाची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. आवाज चढवायची वेळच आली नाही.

"अलीकडं भावकीत कुणी गेलं का रे?"

"नाय साहेब."

"मग दिव्याची पाळी का सोडलीस?"

त्यानं डोक्यावरची टोपी आणखी खाली ओढली.

"टोपी काढ बरं."

त्यानं हळूच टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्यावर खुंटासारखे केस उगवत होते. थोरला भाऊ गेला की धाकटे दहाव्याला डोकं करतात, तसं. गावच्या न्हाव्याकडं नव्हे, शहरात औरंगपुऱ्यातल्या गर्दीत एका दुकानात जाऊन केलेलं. हे त्यानं नंतर सांगितलं.

"कुणाचं सुतक पाळलंस बाबा?"

तो खुर्चीवरून उठला आणि खाली फरशीवर बसला.

"दादाचं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ बिलंदर पाहिले, पण त्या क्षणी मी खरोखर थक्क झालो. गाडी स्टेशनवर नेऊन सोडण्याची हुशारी या माणसाकडे होती. कायद्याला फसवायला तो तयार होता, पण सुतकातल्या हातानं देवाला दिवा लावायला धजत नव्हता. माणसाचं मन कुठं निर्ढावतं आणि कुठं भितं, याचा थांग मला आजही लागलेला नाही.

बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून वाद झाला होता. रागाच्या भरात त्यानं कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, भावाच्या डोक्यात घातली. पंचांसमक्ष त्यानं पडका आड दाखवला, आम्ही प्रेत बाहेर काढलं, पंचनामा झाला, अटक झाली. सिनेमा असता तर पडदा इथंच पडला असता. वरिष्ठांनी पाठ थोपटली, मीही खुशीत होतो.

अंत्यविधी उरकल्यावर ती ठाण्यात आली. या वेळी एकटीच. मला वाटलं, शिव्याशाप देईल, ऊर बडवेल. ती म्हणाली, "साहेब, मला त्याला येक इचारायचंय. तेवढं इचारू द्या."

"मावशी, त्यानं सगळं कबूल केलंय. का मारलं, कसं मारलं, सगळं."

"ते न्हाय मला पायजे."

मी तिला कोठडीपाशी नेलं आणि बाजूला उभा राहिलो. तो गजाआड मान खाली घालून बसलेला.

"वर बग माझ्याकडं," ती म्हणाली. "लगेच गेला का त्यो?"

"नाय, मोठी माय."

"पाणी मागितलं का त्यानं?"

त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. मग रडत रडत म्हणाला, "मागितलं. म्या पाजलं. डोस्कं मांडीवर घिऊन पाजलं."

"प्याला?"

"व्हय. दोन घोट."

तिनं डोळे मिटले. लेकरू हरवल्यापासून आमच्यासमोर ती एकदाही रडली नव्हती. आता तिथंच, कोठडीसमोर बसून, ती मोकळी होऊन रडली. तिचं पोर कोरड्या तोंडानं गेलं नव्हतं, एवढंच तिला हवं होतं. तिनं त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. पुढं कोर्टात तिनं त्याच्याविरुद्ध न अडखळता साक्ष दिली आणि त्याला जन्मठेप झाली.

खुनी कोण, हा प्रश्न माझा होता, सरकारचा होता, गावाचा होता. तिचा प्रश्न वेगळाच निघाला आणि तो माझ्या चौकशीत कुठंच नव्हता. त्या दिवसापासून खुनाच्या प्रत्येक तपासात मी आरोपीला एक प्रश्न जास्तीचा विचारत आलो : शेवटी तो काय म्हणाला? त्याचं उत्तर दोषारोपपत्रात कधी घातलं नाही. ते घेऊन मयताच्या घरी जायचो. ऐकायला दारात कुणी ना कुणी उभं असायचंच.