रेघेच्या अलीकडे थांबलेली घोडी

माझा धाकटा दीर जॉकी होता असं सांगितलं, की नातवंडं डोळे मोठे करतात. त्यांना वाटतं चमकता सदरा, टोपी, फोटोवाले. अहो, कसलं काय! तापीकाठचं आमचं गाव, पाटलांची काठेवाडी घोडी, आणि तिच्यावर बसायला आमच्या घरातलं सगळ्यात हलकं माणूस. झाला जॉकी.

मी लग्न होऊन आले तेव्हा या हलकेपणाचीच घरात लाज होती. सासरे चारचौघांत म्हणायचे, "याले वजनले वखरवर बसाडं तरी ढेकूळ फुटस नहीं!" मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. मग पाटलांना घोडीसाठी हलका स्वार हवा झाला. म्हसावदच्या शर्यतीत आमचा गडी पहिला आला, पुढे कोरीटलाही आला, आणि सासरे पारावर बसून सांगू लागले, "आमनं खानदानच हलकं शे, भो." हे बोलताना त्यांच्या खालची खाट करकरत होती. पण जिंकलेल्याच्या बापाला कोण हसणार?

आमच्याकडे जिंकलेली घोडी घरोघर फिरवायची पद्धत होती. दारात बाई ताट घेऊन उभी राहायची. खुरांवर पाणी, कपाळाला कुंकू, ओवाळणं, आणि घोडीच्या तोंडात गुळाचा खडा. एक दार चुकलं तर वर्षभर अबोला. त्यामुळे गावात एकही दार चुकायचं नाही. दोन-तीन वर्षं असा गूळ खाऊन ती घोडी आम्हा बायकांना पुरती ओळखायला लागली. लगामाला एक वेळ ऐकायची नाही, पण ताट दिसलं की जागच्या जागी खुंटा. लोक कौतुकानं म्हणायचे, "काय संस्कारी जनावर शे!"

साठ सालाच्या आसपास सारंगखेड्याच्या जत्रेत घोडी विकत घ्यायला पुण्याच्या एका तबेल्याचा माणूस आला. त्यानं आमच्या दिराची रपेट पाहिली आणि सरळ शब्द दिला, "उद्या पहिला ये, तुला पुण्याला नेतो." दीर त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "वहिनी, वखर, ढेकूळ, पार, सगळ्यातून सुटसू मी." त्याला जिंकण्यापेक्षा सुटायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं. गावाला मात्र एवढंच कळलं, की आपला माणूस पुण्याला जाणार आणि त्याला ओवाळलं पाहिजे.

सकाळी गाड्या जुंपून आम्ही सगळ्या बायका ताटं घेऊन हजर. शर्यत संपायची तिथं चुन्याची रेघ मारलेली होती. रेघेच्या पलीकडे, घोड्यांच्या वाटेच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. इथवर सगळं ठीक. पण पहिलं कोणी ओवाळायचं?

पाटलीणबाई म्हणाल्या, "घोडी आमनी शे."

सासूबाई म्हणाल्या, "आनि वर बसेल पोऱ्या कोनाना शे? घोडी एकटीच शर्यत पयस का?"

घोड्या येणार त्या बाजूला पाटलीणबाई एक पाऊल पुढे सरकल्या. सासूबाई दोन सरकल्या. मग पाटलीणबाई तीन. त्यांच्यामागे दोन्ही बाजूंच्या बायका, कारण मागे राहणं म्हणजे बाजू सोडणं. मी म्हटलं, "अहो, रेघ मागे राहिली!" पण सुनेचं कोण ऐकतं?

तेवढ्यात धूळ उठली. सगळ्यांत पुढे आमचीच घोडी. दीर मानेवर वाकलेला, पुण्याचा माणूस टाचा उंचावून बघतोय. घोडीनं आम्हाला पाहिलं. लगाम, टाच, आरोळी, काही काही मनावर न घेता ती कडेला वळली आणि सासूबाईंच्या ताटासमोर थांबली. दीर थांबला नाही. तो तिच्या कानांवरून उडून रेघेपलीकडे जाऊन पडला. घोडी गूळ चघळत होती तोवर बाकीच्या तीन घोड्या निघून गेल्या.

मग जो वाद झाला म्हणता! सासरे पंचांच्या अंगावर धावले, "मन्हा पोऱ्या रेघना पल्याड पहिला गया! सर्वास्नी देखं!" पंच म्हणाले, "काका, ही घोड्यांची शर्यत शे, पोऱ्यांची नहीं." आमच्या अर्ध्या गावाला हा अन्याय वाटला. काही जणांना अजून वाटतो.

पुण्याच्या माणसानं दिराला हात देऊन उठवलं, धूळ झटकली. म्हणाला, "स्वार चांगला आहेस रे. घोडीही चांगली. पण तुझं गाव मी कुठे ठेवू?" आणि पहिल्या आलेल्या स्वाराला घेऊन गेला. त्या पोराच्या गावातून जत्रेला कोणीच आलं नव्हतं. दिराला पुढे कोणी घोडी दिली नाही. मालक लोक म्हणायचे, हा जनावराला लाडावतो.

परतताना गाडीत सासूबाई आणि पाटलीणबाई एकमेकींना सांगत होत्या, की गूळ दुसरीच्याच ताटात होता. दीर माझ्याशेजारी सुजलेला खांदा धरून बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, पुनाले थंडी कितली ऱ्हास?"

मी नंदुरबार स्टेशनाच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हटलं, "भलती ऱ्हास, भाऊजी. हाडं गोठी जातस."

"मंग आठेच बरं," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड नदीकडे फिरवलं.