बांधावरचे अननस

खांब गावात हायवेपासून आत, चढणीवर दोन घरं होती. एक हौसाचं, दुसरं सीताबाईचं, मध्ये मातीचा बांध. हौसाला मूलबाळ नव्हतं. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा नवरा वारल्यापासून तिचं बोलणं-बसणं राहिलं ते एका सीताबाईशीच.

बांधावर अननस लावायचं सीताबाईच्या डोक्यातून निघालं. माहेरून तिने गोणभर फुटवे आणले. "पानांना काटे हायत. बकरी तोंड घालायची नाय," ती म्हणाली. चढणीवर पाणी साचत नव्हतं, त्यामुळे मुळं कुजायची भीती नव्हती. दोघींनी खालची सुकी पानं सोलून, मधल्या कोवळ्या पानांच्या पोग्यात माती जाणार नाही अशा बेताने फुटवे पुरले. मग नुसती वाट बघणं. दुसऱ्या वर्षी पानांच्या मधून लालसर बोंड वर आलं आणि त्याच्या खवल्या-खवल्यांतून इवली जांभळी फुलं निघाली, तेव्हा दोघी चुलीवरचा भात विसरून बांधावर उभ्या राहिल्या.

पहिलं फळ त्यांनी घाईने काढलं. ते आंबटच राहिलं आणि जिभा सोलवटल्या. काढल्यावर अननसात गोडी वाढत नाही हे तेव्हा कळलं. पुढे दोघी बुडाशी नाक लावून वास घ्यायला शिकल्या, फोडी मिठाच्या पाण्यात घालायला शिकल्या, लवंग टाकून मुरंबाही करू लागल्या.

अननसाच्या एका झाडाला फळ एकदाच धरतं. मग झाड थकतं, पण बुडाशी पिल्लं सोडून जातं. ही पिल्लं पसरत पसरत सीताबाईच्या भाजीच्या वाफ्यात शिरली. एकदा तिच्या मुलाची, सुशीलची, पोटरी पानाने चरचरून कापली. त्याने कुदळ घेतली आणि रांगच्या रांग उपटली.

हौसा बाजारातून आली तर झाडं वाटेवर पडलेली.

"एकदा विचारायचं तरी, वैनी."

"तुला काय गो," सीताबाई म्हणाली, "तुझ्या घरात काटे लागायला हाय कोण?"

हौसा वाटेवर वाकली. तिने झाडं गोळा केली आणि आपल्या बाजूला पुन्हा लावली. अननस तसा चिवट, चार दिवस उन्हात पडला तरी मरत नाही. सगळी जगली. दोघींचं बोलणं मात्र तिथेच थांबलं.

पुढे सुशीलला पेणला गणपतीच्या कारखान्यात काम लागलं आणि तो आईला घेऊन गेला. टेम्पो निघाला तेव्हा हौसा दाराआड उभी होती. आवाज हायवेला मिळेपर्यंत ती हलली नाही.

त्यानंतर फळं येत राहिली आणि मुंग्या खात राहिल्या. एकटीने किती खायचं? भांडण होतं तेव्हा निदान पलीकडे भांड्यांचा आवाज तरी होता. आता कोंबड्यांना हाक मारली की स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

यंदा आषाढात तिने दोन पिकले अननस पिशवीत घातले आणि पेणची एसटी धरली. चार कारखाने विचारत ती सुशीलच्या घरी पोचली. सीताबाई मागच्या खोलीत खाटेवर होती, चिपाडासारखी.

"कोण गो?"

"हौसा. खांबची."

सीताबाईने फळ मांडीवर घेतलं, उलटं केलं, बुडाशी नाक नेलं. "झाडावर पिकवलास."

"व्हय."

मातीच्या हातांनी सुशील दारात आला. "मावशी, आयला साखर हाय. एकच फोड दे."

ती फोड सीताबाई बराच वेळ चघळत राहिली. मग मुलाला म्हणाली, "मी चार दिस हौसाकडं जाते."

"गणपती होऊ दे, मग बघू."

जुन्या बोलण्याचा विषय कोणीच काढला नाही.

हौसाने घरी येऊन दुसरी गोधडी धुतली. गणपती गेले, गौरी गेल्या. कोणी आलं नाही म्हणून तिने फोन लावला.

"आय आता माणूस ओळखत नाय, मावशी," सुशील म्हणाला. "आणि खांबचं घर विकायचं ठरलंय."

"तिच्या कानाला फोन लाव."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. हौसा पायरीवर बसली आणि सांगू लागली, कुठल्या झाडाला बोंड आलंय, कुठली पिल्लं काढायला झालीत, बकऱ्या यंदाही शिरल्या नाहीत. फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही. ती बोलतच होती.