तिपेडी

माझा अंगठा पोटरीत रुतला की शंभर किलोचे पैलवानसुद्धा आईला हाका मारतात. तिपेडी मात्र पालथा पडून शांतपणे विचारायचा, "मामा, म्हस काय म्हणती?" मी चिडून आणखी जोर लावायचो. मग तो वैरणीची चौकशी करायचा. तालमीत मालीश करण्यात माझी तीस वर्षं गेली, पण इतकं मुकं अंग मी दुसरं पाहिलं नाही.

तिपेडी हे आम्हीच ठेवलेलं नाव. हा काटकुळा गडी तालमीत पहिल्यांदा मालीशला आला तेव्हा म्हणाला, मी पोहतो, सायकल मारतो आणि पळतो. तिन्ही एकाच दिवशी, एकामागून एक. पावणेचार किलोमीटर पाण्यात, एकशेऐंशी सायकलवर आणि त्यावर बेचाळीस पळत. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि त्याला आधी जेवायला बसवलं. तो राधानगरीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेला. त्याची आई मला एकदा म्हणाली होती, "सायकल हाय की त्याच्याजवळ, मग पळतंय कशाला?"

पण गड्यानं यातच पोट भरून दाखवलं. परदेशातल्या शर्यती मारल्या, पाठीवर एका कंपनीचं नाव आलं. सरावाला मात्र आमचा कागलचा रस्ता आणि खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे. एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार त्याला रोज बघायचे. एकानं गाडी शेजारी आणून विचारलं, "पावणं, शर्यत कधी हाय?" हा म्हणाला, दोन महिन्यांनी. "मग आत्तापास्नं कशाला घाई?" असं म्हणून तो गृहस्थ पुढे निघून गेला. हे सांगताना तिपेडी खोकला येईपर्यंत हसायचा.

शर्यतीबद्दल तो फार बोलत नसे. मी एकदा खोदून विचारलं, की शेवटी शेवटी पाय उचलतात तरी कसे? म्हणाला, "शेवटचं धा किलोमीटर पाय पळत न्हाईत, मामा. लाज पळती."

छत्तिशीत कंपनीनं त्याला कळवलं, की येत्या मोठ्या शर्यतीत पहिल्या दहांत आलास तर करार पुढे चालू, नाहीतर इथेच थांबू. घरच्यांनी नोकरी बघायला सांगितलंच होतं. सगळं त्या एका दिवसावर येऊन थांबलं. निघायच्या आठवडाभर आधी तो मालीशला आला. डाव्या खुब्याजवळ माझा हात गेला आणि त्याचा श्वास अडकला. क्षणभरच. तोंडातून आवाज नाही. पण स्नायू दुखतो ते वेगळं आणि हाड दुखतं ते वेगळं, हे माझ्या हाताला चांगलं कळतं. तो उठून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

आमच्या तालमीचा एक रिवाज आहे. कुस्तीच्या तोंडावर पैलवानाचं दुखणं मालीशवाल्याला कळलं तरी त्यानं ते बोलायचं नाही. वस्तादांकडे नाही, घरच्यांकडे नाही, खुद्द पैलवानाकडेही नाही. बोललं की भीती अंगात शिरते, असं आम्ही मानतो. माझ्या गुरूनं मला तेलाच्या आधी हे शिकवलं होतं. मी हात हलका केला, पाठ पुसून दिली आणि म्हणालो, "जा, मारून ये."

पळण्याच्या बत्तिसाव्या किलोमीटरला त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा तो नववा होता.

त्याला चाकाच्या खुर्चीतून परत आणलं. ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसले, पाय आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, बारीक चीर आधीपासून असणार, दोन-तीन महिने विश्रांती घेतली असती तर सांधली असती. त्याच्या घरच्यांनी खाली येऊन सांगितलं, ते मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ऐकलं. वर जाऊन त्याला तोंड दाखवायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

दोन वर्षांनी नाशिककडच्या एका शाळेत त्याला पोहायला शिकवण्याची नोकरी लागली. जायच्या आधी दुपारी तो तालमीत आला. आखाडा रिकामा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, तुमच्या हाताला कळलं हुतं न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "त्या दिशी मी तुमच्या तोंडाकडंच बघत बसलोतो. तुम्ही एक डाव जाऊ नगंस म्हणाला असतासा, तर ऱ्हायलो असतो. मला माझ्या तोंडानं म्हणता येईना."

मग तो पाया पडायला वाकला. खुबा त्याला वाकू देईना. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि आम्ही तसेच उभे राहिलो. मला रडू आवरलं नाही.

आता मी रिवाज पाळत नाही. हाताला काही लागलं की तिथल्या तिथे सांगतो. पैलवान चिडतात, वस्तादही दोन-चारदा बोलले. एकजण तर शिव्या देत उठून गेला, त्याची कुस्ती तोंडावर आली होती. मी बोलायचं थांबत नाही. पण ज्याला माझं ऐकायचं होतं, त्याला मी काही सांगितलं नाही.