मुंडीचा मान

उलबोसीन आपांच्या हातचं बेशबर्माक, म्हणजे लाटलेल्या पोळीच्या तुकड्यांवरचं मेंढ्याचं मटण, खाऊन सात अकीम गेले. अकीम म्हणजे अख्ख्या प्रांताचा साहेब. राजधानीच्या एका कागदानं येणारा आणि दुसऱ्या कागदानं जाणारा. पहिला होता पक्षाचा जुना सेक्रेटरी. त्यानं दारावरची पाटी तेवढी बदलली, खुर्ची तीच ठेवली. मग परप्रांतातले यायला लागले, तेही आपापल्या लवाजम्यासकट. एकानं तर माळीही आणला होता! हल्ली राजधानीहून दोन नावं येतात आणि इथले सदस्य मतं देतात. निवडून कोण येणार हे सरकारी अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशीच ठाऊक असतं, कारण मेंढा आधी कापावा लागतो.

आठवा एरसायन, वय छत्तीस. त्याच्या माणसांच्या यादीत स्वयंपाकीही होता आणि आपांच्या पेन्शनला तीन वर्षं बाकी होती. कार्यालयप्रमुख कुआंदिकनं सकाळीच बजावलं, "आपा, आज जपून. साहेब खूश झाले तर ते नाव खोडून घेतो. नाहीतर तुम्ही आणि तुमचं लाटणं, दोघंही घरी."

"आणि मेंढ्याची मानाची मुंडी कोणापुढे?"

"हा काय प्रश्न झाला? नव्या साहेबांपुढे!"

मेजाच्या कोपऱ्यात जुने अकीम सागिंदिक बसले होते. सकाळपासून त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपा शिजवलेल्या मुंडीचं ताट घेऊन थेट एरसायनपर्यंत गेल्या आणि तिथे त्यांची जुनी खोड आडवी आली.

"बाळा, वडील आहेत?"

"आहेत की. गावी घोडे राखतात."

"मग तुला मुंडी कशी देऊ? बाप हयात असताना पोरानं मुंडी धरायची नसते."

"आपा!" कुआंदिकच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, अकीम आहेत ते!"

"असू दे. बाप आहे ना त्याला?"

आणि त्यांनी ताट सागिंदिकांपुढे ठेवलं. म्हाताऱ्याला कुठे बघावं कळेना. त्यांनी सुरी घेतली, रीतीप्रमाणे मेंढ्याचा कान कापला आणि पंगतीतल्या सगळ्यात लहानाला दिला. सगळ्यात लहान एरसायनच होता. त्यानं दोन्ही हातांनी कान घेतला, खाल्ला आणि खो खो हसला. "बाबा इथे असते तर माझ्या पाठीत धपाटाच बसला असता! कुआंदिक, त्या स्वयंपाक्याला कळवा, येऊ नकोस म्हणावं."

अडीच वर्षांनी एरसायनचाही कागद आला. पुन्हा मेंढा, पुन्हा पंगत. कुआंदिक आपल्या जागी शाबूत होता. "मुंडी नव्या साहेबांपुढे, आपा. यांचे वडील नाहीत, मी चौकशी केली आहे."

"बरं," आपा म्हणाल्या आणि सरळ कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या. एरसायनला या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. त्याच हिवाळ्यात त्याच्या गावी जाऊन मयतानंतरच्या सातव्या दिवसाचं जेवण त्यांनीच रांधलं होतं.

ताट समोर आलं तसा तो मागे सरकला. "आपा, नको ना. मला नको."

आपांनी ताट उचललं नाही. "घे बाळा," त्या म्हणाल्या, "आता तुला धरावी लागते."

त्यानं सुरी घेतली. पंगतीतला सगळ्यात लहान कोण, हे त्याला बराच वेळ दिसेना.