दोऱ्याने मोजलेले गुवाहाटी

ही घटना सांगायचे मी वर्षानुवर्षे टाळले, पण विसरलो कधीच नाही. साठ सालच्या सुमारास मी जयपुरात ठाणेदार होतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका मराठी प्राध्यापकांच्या घरातून मंगळवारी रात्री दागिने चोरीस गेले. कुलूप शाबूत होते. म्हणजे चोर घरातला माहीतगार. प्राध्यापक अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते. आसामात चहाच्या मळ्यावर डॉक्टर असलेल्या मुलाला चोरीच्या आधीच तार गेली होती आणि ते त्याचीच वाट पाहत होते.

बुधवारी एका टांगेवाल्याने खबर दिली, "साहबजी, काल रात्री एका सूटबूटवाल्या बाबूला त्याच गल्लीत सोडलं."

गुरुवारी सकाळी डॉक्टर दिल्लीच्या गाडीतून उतरला, तोही सूटबुटात. मी त्याला स्टेशनवरूनच ठाण्यात आणले.

त्याच्याजवळ सोमवार सकाळचे, गुवाहाटीहून निघालेल्या विमानाचे तिकीट होते. वाळवंटात उंटचोरांमागे फिरताना माझी एक पद्धत होती. नकाशावर दोरा ताणायचा, मैल काढायचे, उंटाच्या चालीने भागायचे. संशयिताचे खोटे लगेच उघडे पडे. ही उंटाची पद्धत त्याला सांगत तसाच दोरा मी गुवाहाटीपासून दिल्लीपर्यंत ताणला आणि विमानाच्या वेगाने भागले.

"सोमवारी संध्याकाळी दिल्लीत, मंगळवारी सकाळी जयपुरात. मग दोन दिवस तुम्ही होतात कुठे?"

तो हसला. "साहेब, विमान म्हणजे उंट नव्हे नाकासमोर चालायला! आधी खाली कलकत्त्याला, तिथे मुक्काम. मंगळवारी पाटण्याला धुकं. मतलब, ती रात्रही तिथेच." मग हसू मावळले. "बाबांना एकदा बघून येतो. बरोबर शिपाई द्या, हवं तर बेड्या घाला."

"आधी हिशेब जुळू दे," मी म्हणालो.

पाटण्याचा ट्रंककॉल लागेपर्यंत दुपार उलटली. विमानतळावरच्या माणसाने सांगितले, धुक्यात अडकलेल्या प्रवाशांत डॉक्टर होता. टांगेवाल्याचा बाबू त्या घराचा जुना भाडेकरू निघाला. घराची जुनी किल्ली आणि दागिने त्याच्याकडेच सापडले.

डॉक्टरला मी स्वतः जीपने घरी सोडले. सकाळपर्यंत प्राध्यापक त्याचे नाव घेत होते. दुपारी दुसरा झटका येऊन वाचा गेली होती. मुलाने हात हातात घेतला, तेव्हा ते फक्त डोळ्यांनी हसले. त्याच आठवड्यात गेले.

आईसाठी डॉक्टर जयपुरातच राहिला. माझ्या मुलींचा गोवर, माझे गुडघे, सगळे त्यानेच पाहिले. मी दिसलो की दवाखान्यातूनच हाक येई, "या उंटसाहेब!" त्याची आई डबा भरून घारगे धाडी.

अंतर दोऱ्याने मोजता येते. वाट मात्र चालून आलेल्यालाच विचारावी लागते. आणि ज्याची घरी वाट पाहिली जात आहे, त्याला आधी पोचू द्यावे. चौकशी पळून जात नाही.

डॉक्टर आता नाही. "त्या दिवशी तुम्हाला आधी घरी सोडायला हवं होतं," हे वाक्य जुळवून मी कितीदा तरी त्याच्या दवाखान्यात गेलो. तो खुर्ची पुढे ओढून म्हणे, "बोला उंटसाहेब, काय म्हणतोय गुडघा?" आणि मी पायजमा वर सरकवून गुडघाच दाखवत असे.