बंद दुकानातली बाग

माझा मेहुणा हातात धरून खेळायची गेमची मशीनं दुरुस्त करतो. कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर तोंडपाठ असायचं: स्क्रीन मोठा, बॅटरी दणकट आणि ऑनलाइन दुकानात खेळ भरपूर, ते घ्या. ज्यात खेळ वेगळ्या कॅसेटमध्येच साठलेला असतो, त्या कॅसेटवाल्या मशीनला तो नाक मुरडायचा. म्हणायचा, "कॅसेट म्हणजे धुळीचं माहेर."

दुरुस्तीत त्याची एक खोड होती. मशीन हाती आलं की आधी त्यातलं सगळं पुसून ते कोरं करायचं, मग स्क्रू काढायचे. खेळांचं काय, ते दुकानातून पुन्हा उतरवता येतात.

एकदा एक निवृत्त नर्सबाई जुनं मशीन घेऊन आल्या. त्याचं एक बटण अडकत होतं. मेहुण्याने सवयीप्रमाणे मशीन कोरं केलं, बटण बदललं आणि खेळ उतरवायला गेला, तर कंपनीने त्या मशीनचं दुकानच दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं.

"काय होतं यात?" त्याने चाचरत विचारलं.

"बाग होती. नऊ वर्षं रोज पाणी घालत होते."

"नव्या मशीनवर अशा पन्नास बागा मिळतील, ताई."

बाईंनी मशीन हातात घेतलं आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघत बटण दोन-तीनदा दाबलं.

"बटण मात्र छान झालंय," त्या म्हणाल्या.

हल्ली मेहुणा गिऱ्हाइकापुढे कॅसेटवालंच मशीन ठेवतो. धुळीचं काय, असं कुणी विचारलंच तर म्हणतो, "धूळ फुंकली की जाते."